केल्टिक लोकसंगीत आणि त्याचे दूरदूरचे सोयरे

मंद्रसप्तक

आयर्लंड-स्कॉटलंडचं लोकसंगीत आपल्या कानाला चटकन आपलंसं वाटतं, असं इथे बऱ्याच जणांनी निरनिराळ्या धाग्यांवर लिहिलं आहे. मलाही तसंच वाटतं. पण हे साम्य नेमकं कशात आहे, ते कुठून आलं आणि कुठे तो नुसता कानाचा भास आहे, यावर सविस्तर बोलावं असं फार दिवस मनात होतं.

आधी केल्टिक म्हणून कोणाकोणाला मोजतात ते सांगतो. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आइल ऑफ मॅन, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत. हे सहा जण एकत्र आले ते भाषांमुळे. या भाषा एकाच कुळातल्या आहेत हे एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने 1707 मध्ये पुस्तक छापून मांडलं. संगीताला हे नाव सर्रास लागलं ते मात्र अगदी अलीकडे. ब्रिटनीच्या अलां स्तिवेलने 1971 मध्ये केल्टिक हार्पचा ध्वनिमुद्रित संच काढला आणि त्याच वर्षी ब्रिटनीतल्या लोरिआं गावी आंतर-केल्टिक महोत्सव सुरू झाला. स्पेनमधल्या गालिसिया आणि अस्तुरियास या प्रांतांनाही तिथे मानाची जागा आहे. त्यांच्या बोली लॅटिनच्या वंशातल्या, पण त्यांच्याकडे गाइता नावाची पिशवीची सनई आहे. म्हणजे एका दाराने भाषा आत आली, दुसऱ्या दाराने वाद्य.

आता संगीताकडे येतो. आयरिश धुनांचा बहुतांश साठा चार स्वरचौकटींत बसतो, आणि त्या आपल्या बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी या थाटांशी सुरासुराने जुळतात. स्कॉटिश हायलँड पाइपवर, म्हणजे तिथल्या पिशवीच्या सनईवर, जेमतेम नऊ सूर निघतात. खालचा सोडला तर उरलेले आठ म्हणजे कोमल निषादाचं, खमाज थाटाचं सप्तक. मागे तीन नळ्या अखंड षड्ज धरून असतात. वाजवणारा आपले सूर त्या षड्जाशी जुळवून घेतो, पियानोशी नाही.

दुसरी गोष्ट अलंकारांची. हायलँड पाइपचा आवाज मध्येच तोडता येत नाही, लहानमोठाही करता येत नाही. मग एकच सूर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये निमिषभर दुसऱ्या सुराचा कण घालून. पाइपवरची सगळी नक्षी या अडचणीतून उभी राहिली आहे. आयरिश बासरी आणि फिडलवरच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) 'रोल'मध्ये तर मूळ सूर, वरचा, मूळ, खालचा, पुन्हा मूळ असा फेरा असतो. आपला कोणताही गायक त्याला मुरकीच म्हणेल.

आणि तिसरी, माझ्या फार जवळची: 'कांटरॉख'. स्कॉटलंडचं अभिजात पाइपसंगीत म्हणजे पीब्रॉख. ते शिष्याला तोंडी अक्षरांनी शिकवत. हिहारिन, हिओदिन अशी ही अक्षरं. ढोबळमानाने त्यातला स्वर मूळ सूर सांगतो आणि व्यंजन त्यावरचा कण. तबल्याचे बोल ज्याने घोकलेत त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

माझा प्रश्न असा: यातलं किती प्रत्यक्ष संपर्कातून आलं, आणि किती दोन ठिकाणी आपापलं घडलं? जाणकारांनी लिहावं.

ठेका

धागा आवडला. स्वरांपेक्षा लयीकडे माझं लक्ष आधी जातं म्हणून विचारतो. आयरिश नाचाच्या धुनांपैकी रील चारात आणि जिग सहात चालते, म्हणजे केहरवा आणि दादरा ओळखीचे वाटणारच. नऊच्या मोजणीची स्लिप जिगही ऐकली आहे. पण काही आधुनिक आयरिश रचनांत सात आणि त्याहून वाकड्या मात्रा येतात. हे मूळचं आयरिश आहे का?

मंद्रसप्तक

@ठेका, नाही, आणि याची वाट तर पावलापावलाने दाखवता येते.

1968 मध्ये अँडी अर्व्हाइन हा आयरिश गायक-वादक बाल्कन देशांत भटकायला गेला. बल्गेरियातली नाचाची लय त्याने तिथे डोक्यात भरून घेतली. तिथल्या राचेनित्सा नाचाची मोजणी 2+2+3 अशी आहे. आपला रूपक 3+2+2. परत आल्यावर त्याने आणि डोनल लनीने प्लँक्स्टी या गटात या लयी आयरिश वाद्यांवर आणल्या. 1979 च्या त्यांच्या संचात एक अख्खी बल्गेरियन धून आहे. पुढे 1992 मध्ये अर्व्हाइन आणि पाइपवादक डेव्ही स्पिलेन यांनी 'ईस्ट विंड' हा संच केला. त्यात हंगेरीची मार्ता सेबेस्त्येन गायली आणि निर्मिती होती बिल व्हेलन यांची. याच व्हेलननी 30 एप्रिल 1994 ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात रिव्हरडान्स या नृत्यप्रयोगाचं संगीत सादर केलं. जगभर जे अस्सल आयरिश म्हणून गाजलं, त्यातल्या वाकड्या लयी बल्गेरियातल्या गावकऱ्यांच्या पायांतून आल्या आहेत.

या मंडळींच्या हातातलं बुझुकी हे तंतुवाद्यही ग्रीसचं. जॉनी मॉइनिहनने ते 1960 च्या दशकाच्या मध्यावर आयरिश संगीतात आणलं. मग त्याची गोल पाठ सपाट झाली, तारा वेगळ्या लावल्या गेल्या, आणि आज बुझुकीशिवायची आयरिश मैफल शोधावी लागते. एका माणसाच्या हयातीत परकं वाद्य घरचं झालं.

रानवाट

वाचतेय. पाइपच्या कणांमागचं कारण पहिल्यांदाच कळलं.

डब्लिनकर

इथे आयर्लंडमध्ये राहतो, दर आठवड्याला सेशनला, म्हणजे पबमधल्या वादकांच्या मोकळ्या मैफलीला, जाऊन बसतो, म्हणून थोडं सविस्तर.

मंद्रसप्तक, तुम्ही बुझुकीचं लिहिलंत, पण परक्याला घरचं करण्याची ही रीत 1960 नंतरची नाही. 'पारंपरिक आयरिश' म्हणून सेशनमध्ये जे वाजतं त्याचे तुकडे वेगळे करून पाहा. रील मूळ स्कॉटलंडची, अठराव्या शतकात इकडे आली. हॉर्नपाइप इंग्लंडची. पोल्का बोहेमियातून निघाली, एकोणिसाव्या शतकात सगळ्या युरोपात पसरली आणि आज कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूखरा भागात तिथल्या लोकांच्या हाडात मुरली आहे. डोनेगॉलमध्ये माझुर्का वाजते, ती पोलंडची. डोनेगॉलचे मजूर बटाटे काढणीला हंगामी कामावर स्कॉटलंडला जात, त्यामुळे तिथल्या फिडलचा गज आजही स्कॉटिश वळणाने चालतो. जॉनी डोहर्टी या फिरत्या फिडलवादकाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका, तो गजाने पाइपचा आवाज काढतो.

मागे गेलात तरी हेच. टर्लॉ ओ'कॅरोलन (1670–1738) हा अंध हार्पवादक आयर्लंडचा सर्वांत लाडका रचनाकार. जमीनदारांच्या घरी मुक्काम करायचा आणि यजमानाच्या नावाने धून बांधायची, हा त्याचा उदरनिर्वाह. त्याच्या रचनांत कोरेल्लीसारख्या इटालियन संगीतकारांची छाप स्वच्छ ऐकू येते. वेल्सची म्हणून जी तीन ओळींच्या तारांची हार्प मिरवतात तिचाही जन्म इटलीचा.

उलट दिशेची गोष्ट आणखी रंजक आहे. आयरिश संगीताचा सर्वांत मोठा छापील साठा आयर्लंडमध्ये तयार झालाच नाही. कॉर्कहून परागंदा झालेला फ्रान्सिस ओ'नील शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. शहरात स्थायिक झालेल्या आयरिश वादकांकडून त्याने धुना गोळा केल्या आणि 1903 मध्ये 1850 धुनांचं पुस्तक काढलं. पुढे स्लायगोचा फिडलवादक मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेला, 1920 च्या दशकात तिथे त्याच्या तबकड्या निघाल्या आणि त्या जहाजाने मायदेशी आल्या. परिणाम असा झाला की ज्या जिल्ह्यांची स्वतःची वेगळी शैली होती तिथली मुलंही कोलमनसारखं वाजवू लागली. ज्या क्रमाने त्याने दोन-तीन रील जोडल्या, तो क्रम आजही लोक मोडत नाहीत.

त्याच सुमाराला इकडे घरोघरच्या नाचांवर गदा आली होती. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू केला आणि स्वयंपाकघरात जमणारी मैफल धर्मगुरू व पोलीस यांच्या कचाट्यात सापडली. पबमधलं सेशन ज्याला आपण पुरातन समजतो, ते फार करून 1940-50 नंतरचं आहे, आणि त्याची सुरुवात लंडन-न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांत झाली. माझं स्पष्ट मत: या संगीताचं आयरिशपण त्याच्या धुनांच्या उगमात शोधू नये. आलेल्या धुनेला इथला वादक काय करतो, कुठे श्वास घेतो, कुठे कण घालतो, त्यात ते आहे.

पेटीवाला

डब्लिनकरांच्या शेवटच्या दोन वाक्यांना मनापासून अनुमोदन. माझा विषय भात्याची वाद्यं, म्हणून त्याबद्दल.

आपली पेटी आणि आयरिश काँसर्टिना ही सख्खी भावंडं. दोन्हींत पितळी पट्टी एका टोकाला मोकळी असते आणि हवेने थरथरते. हे तत्त्व चीनच्या शेंग या वाद्याकडून अठराव्या शतकात युरोपला नीट कळलं. 1830 च्या दशकात जर्मनीत केम्निट्सच्या कार्ल उलिगने बटणांची काँसर्टिना केली, 1842 मध्ये पॅरिसच्या देबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पहिली खलाशी आणि फिरत्या विक्रेत्यांबरोबर आयर्लंडच्या क्लेअर जिल्ह्यात पोचली, दुसरी मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात, आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता लावून जमिनीवर बसवलं. क्लेअरमध्ये काँसर्टिना प्रामुख्याने बायकांनी सांभाळली. किलरशच्या मिसेस क्रॉटी हे त्यातलं आदराने घेतलं जाणारं नाव.

मला मोलाचं वाटतं ते पुढचं. दोन्ही देशांत या वाद्यांना विरोध झाला. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. तिकडे 1962 मध्ये शॉन ओ रीअडा या थोर संगीतकाराने आयरिश रेडिओवरच्या व्याख्यानमालेत अ‍ॅकॉर्डियनवर कडाडून टीका केली. आक्षेपही जवळपास एकच: ठोकळ सूर, मींड नाही, बारीक नक्षी बोथट होते. आणि शेवटही एकच. वादकांनी ऐकलं नाही. आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीतून गाणं काढलं, तिकडे जो कूलीसारख्या अ‍ॅकॉर्डियनवादकांनी रील नाचवली. सुरांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे असं मी पेटी वाजवत असूनही म्हणतो. पण हजारो घरांत संगीत पोचलं ते याच वाद्यांनी, हेही तितकंच खरं.

बंदरकाठ

ब्रिटनीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आमच्या घरात सनईची परंपरा आहे, त्यामुळे बोम्बार्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाद्य ओळखायला क्षणभरही लागला नाही.

बोम्बार्द म्हणजे दुपदरी पत्तीची आखूड, कर्कश म्हणावी इतकी बुलंद सनई. तिच्या जोडीला बिनियू, म्हणजे छोटी पिशवीची सनई, बोम्बार्दहून एक सप्तक वर बोलणारी. ही दोघांची जोडी लग्नाची वरात पुढे नेते आणि नाच खेळवते. आपल्याकडे मुख्य सनईवाल्याच्या शेजारी सूर धरणारा बसतो आणि गाल फुगवून अखंड षड्ज देतो. ब्रिटनीत हे काम बिनियूच्या पिशवीने केलं. शिवाय बिनियू धूनही वाजवते. बोम्बार्दला फार दम लागतो, म्हणून तो एक चरण वाजवून थांबतो आणि बिनियू पुढे चालू राहते, मग पुन्हा दोघं एकत्र.

ही दोन वाद्यं एकाच मोठ्या घराण्यातली आहेत. पश्चिम आशियातला झुर्ना, चीनचा सुओना, उत्तर भारताची शहनाई, ब्रिटनीचा बोम्बार्द. उघड्यावर, गर्दीत, ढोलाच्या आवाजावर ऐकू जायला हवं ही गरज सगळीकडे सारखी, म्हणून घडणही सारखी राहिली.

त्यांच्या गाण्यातली एक रीत सांगते: 'कान हा दिस्कान'. दोन गायक, वाद्य एकही नाही, समोर नाचणाऱ्यांची साखळी. पहिला ओळ म्हणतो, तिची शेवटची अक्षरं दुसरा त्याच्याबरोबरच उचलतो आणि तीच ओळ पुढे म्हणतो, तिच्या शेपटाला पहिला पुन्हा येऊन मिळतो. कुठेही फट राहत नाही. पोवाड्यात शाहिराच्या ओळीचं शेपूट झीलकरी उचलतात ते आठवा. हा संपर्क नव्हे, हे मी आधीच सांगते. नाचणाऱ्यांचे पाय थांबू नयेत आणि गाणाऱ्याला श्वास मिळावा, ही निकड दोन गावांना वेगवेगळी सुचवू शकते.

हे गाणं 1950 च्या दशकापर्यंत विझत आलं होतं. शेतीची सामूहिक कामं संपली तसे त्या कामांनंतरचे नाचही संपले. मग लोइझ रोपार्झसारख्यांनी ते सभागृहात आणलं आणि त्यातून आजचा फेस्ट-नोझ, म्हणजे रात्रीचा सामूहिक नाच उभा राहिला. 2012 मध्ये युनेस्कोने त्याला आपल्या यादीत घेतलं. तिथे म्हातारे आणि कॉलेजची पोरं एकमेकांच्या करंगळ्या धरून नाचतात. अंतर्जालावर चित्रफिती भरपूर आहेत, जरूर पाहा.

निळीशाई

बंदरकाठताई, प्रतिसाद अप्रतिम. पण 'हा संपर्क नव्हे' इतकं ठाम कशावरून? आयरिश 'शॅन-नोस' गायकीबद्दल वेगळं मत वाचलं आहे. साथीशिवाय एकट्याने गायचं, ताल मोकळा, एका अक्षरावर पाच-सहा सुरांची गुंफण, कडवं बदललं की नक्षीही बदलायची. हे पश्चिम युरोपात इतरत्र फारसं आढळत नाही. बॉब क्विन या आयरिश चित्रपटकाराने 1980 च्या दशकात अनुबोधपटांची मालिका करून मांडलं की आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनेमाराच्या किनाऱ्याचं नातं समुद्रमार्गे उत्तर आफ्रिकेशी आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं. समुद्र म्हणजे भिंत नव्हे, रस्ता असतो.

डब्लिनकर

@निळीशाई, क्विन यांनी एक मोठं काम केलं हे मान्य. आयर्लंडकडे नेहमी लंडनकडून पाहायची सवय होती, त्यांनी समुद्राकडून पाहायला लावलं. गॉलवेचा स्पेनशी मद्याचा व्यापार होता. उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी 1631 मध्ये कॉर्कमधलं बाल्टिमोर गाव लुटून माणसं अल्जिअर्सला नेली, हाही इतिहास आहे.

पण गाणं आलं असेल तर त्याच्या पाऊलखुणा हव्यात. अरबी गायकीत पाऊण सुरांचे मकाम, म्हणजे स्वरचौकटी, आहेत, ते कॉनेमारात नाहीत. गाण्याचे विषय, छंद, यमकाची रीत सगळी गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडची केल्टिक भाषा) काव्यपरंपरेतली आहे. एका अक्षरावर अनेक सूर घेणं जिथे जिथे माणूस साथीशिवाय, सावकाश, शब्दाला धरून गातो तिथे तिथे दिसतं. जो हीनीचं गाणं ऐका. तो कॉनेमाराच्या कार्ना भागातला, 1919 चा जन्म, आयुष्याच्या अखेरीस सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात शिकवत होता. त्याच्या गाण्यात नक्षी कधीही शब्दाच्या पुढे जात नाही. त्याला गोष्ट सांगायची असते. हे वळण मला आतलंच वाटतं.

निळीशाई

मकामांचा मुद्दा वजनदार आहे. तरी गायकीचं वळण उचलायला स्वरचौकट उचलावीच लागते असं नाही, एवढं माझं म्हणणं मी कायम ठेवते. खलाशी माणूस दुसऱ्याचा गळा ऐकतो, त्याचं व्याकरण शिकत नाही.

मंद्रसप्तक

दोघांचंही वाचून एक सुचवतो. आपण साम्याचे दोन ढीग करूया. एकात ज्यांची वाट माहीत आहे ती: कोण गेलं, कधी गेलं, काय घेऊन आलं. दुसऱ्यात ज्यांची वाट सापडलेली नाही ती. थाटांची जुळणी, कांटरॉख आणि तबल्याचे बोल, शॅन-नोसची नक्षी मी दुसऱ्या ढिगात ठेवीन. दुसऱ्या ढिगाला कमी लेखायचं कारण नाही. एकच षड्ज अखंड धरला आणि त्यावर एकच धून चालवली की कान सूक्ष्म सुरांकडे आणि कणांकडे वळतो, कारण गंमत करायला दुसरी जागाच नसते. युरोपच्या दरबारी संगीताने अनेक सूर एकत्र वाजवायची वाट धरली, या किनाऱ्यांनी धरली नाही. आपणही धरली नाही. मला वाटतं आपलेपणाचं बरंचसं मूळ इथे आहे.

छावणी

पहिल्या ढिगात माझ्याकडून एक भर. नोकरीची बरीच वर्षं उत्तराखंडात गेली. गढवाल-कुमाऊँच्या लग्नात ढोल-दमाऊच्या जोडीला मशकबीन वाजतं. हा सरळ सरळ स्कॉटिश पाइप. ब्रिटिश फौजेत पहाडी पलटणींना पाइप बँड मिळाले, सैनिक ते वाजवायला शिकले, आणि पेन्शनवर गावी आल्यावर हातातली कला लग्नसराईत उतरली. आज त्यावर पहाडी गाणी वाजतात आणि गावातल्या जुन्या माणसाला ते परकं वाद्य आहे असं सांगितलं तर त्याला पटत नाही. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेलं सियालकोट आज जगात पाइप बनवण्याचं फार मोठं केंद्र आहे, स्कॉटलंडमधल्या नवशिक्यांच्या हातातही तिथला माल असतो.

पिशवीची सनई भारताला अगदीच नवी होती असंही नाही. आंध्रात बकऱ्याच्या कातड्याची तित्ती जुनी आहे, पण ती साध्या षड्जाच्या साथीसाठी.

शेफालिका

कोलकात्यात वाढलेली मराठी आहे, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आयरिश संगीत बंगालमध्ये कसं पोचलं याची साखळी कडीकडीने सांगता येते.

जुलै 1792 मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला. परंपरा संपत आली हे जाणवून गावातल्या लोकांनी तो मुद्दाम भरवला होता. दहा आयरिश वादक आले, त्यांत बरेच वृद्ध आणि अंध. डेनिस हेम्पसन सत्त्याण्णव वर्षांचा होता आणि पितळी तारा नखांनी छेडणारा तो तिथे एकटाच उरला होता. धुना उतरवून घ्यायचं काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला दिलं. त्याने 1796 मध्ये पहिला संग्रह छापला. त्यात त्याने धुना पियानोला सोईच्या करून टाकल्या, याची हळहळ आजही व्यक्त होते, पण त्याने लिहिलं नसतं तर बरंच काही हेम्पसनच्या पिढीबरोबर गेलं असतं. त्या संग्रहातल्या कित्येक धुनांवर कवी टॉमस मूरने 1808 पासून इंग्रजी गीतं रचली. मूरच्या गीतांचं सचित्र पुस्तक ठाकुरबाडीत, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरी, होतं, त्यांनी ते लहानपणी पाहिलं. ते 1878 मध्ये इंग्लंडला गेले, तिथे त्यातली काही गाणी शिकले, आणि परतल्यावर 1881 मध्ये 'वाल्मीकिप्रतिभा' या गीतनाट्यात वनदेवींच्या विलापाला त्यांनी आयरिश चाल दिली.

स्कॉटिश धुनाही त्यांनी घेतल्या. 'पुरानो शेई दिनेर कथा' ही रॉबर्ट बर्न्सच्या नावाशी जोडलेल्या, नववर्षाच्या रात्री जगभर म्हणतात त्या गाण्याची चाल. 'फूले फूले ढोले ढोले' ही दुसरी. दोन्हींत मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे भूपाचेच सूर. बंगाली घरांत ही गाणी इतकी आपली आहेत की मूळ ऐकल्यावर मुलं विचारतात, यांनी आपली चाल कशी घेतली?

रानवाट

शेफालिकाताई, ही साखळी वाचून अंगावर काटा आला. बेलफास्टच्या त्या म्हाताऱ्या वादकांपासून जोडासाँकोच्या ठाकुरबाडीपर्यंत!

माथाडी

अमेरिकेकडे जाणारी वाट राहिली. अ‍ॅपलाशियन डोंगरांत आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरचे स्कॉट्स-आयरिश लोक अठराव्या शतकात जाऊन वसले, त्यांचं फिडल तिथे रुजलं. 1916 ते 1918 मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस तिथे गाणी गोळा करत फिरले आणि ब्रिटनमध्ये विसरलेली कथागीतं त्यांना तिथल्या आयाबायांच्या तोंडी मिळाली. पण शार्प यांनी जे शोधायला गेले तेच ऐकलं. त्याच डोंगरांतल्या कृष्णवर्णीय वादकांकडे त्यांनी जवळपास पाहिलंच नाही. ही फार मोठी उणीव आहे, आणि 'केल्टिक मुळं' सांगणाऱ्या कित्येक लेखांत ती आजही तशीच चालू आहे.

कारण बँजो. पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांची रीत गुलाम करून नेलेल्या माणसांनी सोबत नेली आणि कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत बँजो घडवला. पुढे गोऱ्या वादकांनी तो रंगमंचावर उचलला, 1840 च्या दशकात त्यांच्या मंडळ्या ब्रिटन-आयर्लंडला गेल्या. विसाव्या शतकात चार तारांचा टेनर बँजो आला आणि डब्लिनर्स गटाच्या बार्नी मॅककेनाने तो फिडलच्या खाली एक सप्तक लावायची रीत रूढ केली. आज सेशनमध्ये खणखणणारा तो बँजो आफ्रिकेचा नातू आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. (अवांतर: आपल्या गणपतीतला बेंजो हा वेगळा. तो बुलबुलतरंग, जपानच्या तैशोगोतोचा वंशज.)

कॅनडातलं केप ब्रेटन बेटही विसरू नका. स्कॉटिश हायलँडमधून जमिनीवरून हुसकावलेली कुटुंबं तिथे गेली आणि त्यांनी जुनं फिडल व पायांचा नाच इतका सांभाळला की 1990 च्या सुमारास स्कॉटलंडमधले लोक तो नाच त्यांच्याकडून परत शिकले. 1971 मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर केप ब्रेटनचा फिडलवादक नामशेष होतोय असा अनुबोधपट दाखवला गेला. बेटावरच्या लोकांना तो झोंबला, 1973 मध्ये ग्लेनडेलला त्यांनी प्रचंड मेळावा भरवून उत्तर दिलं, आणि मुलांचे वर्ग सुरू झाले.

ठेका

उत्तम चर्चा. माझा प्रश्न पुन्हा कांटरॉखकडे. ते कधी लिहिलं गेलं का? आणि लिहिल्याने काय झालं?

मंद्रसप्तक

लिहिलं गेलं. कोलिन कँबेल यांचं 1797 चं हस्तलिखित आहे, पानंच्या पानं नुसती अक्षरं, सुरांची एकही खूण नाही. पुष्कळ काळ लोकांना ती गेलिक भाषेतली गोष्ट वाटत होती. त्याआधी आयल ऑफ स्कायवर बोरेरेग इथे मॅक्रिमन घराण्याकडे शिष्य वर्षानुवर्षं राहून शिकत. 1903 मध्ये पीब्रॉख सोसायटी स्थापन झाली, तिने संहिता ठरवून छापल्या आणि स्पर्धेत परीक्षक त्या बरहुकूम गुण देऊ लागले. शुद्धलेखन झालं, पण आधी एकाच रचनेची जी चार रूपं चार गुरूंकडे होती ती मागे पडली. अलीकडे काही वादक कँबेलच्या हस्तलिखितावरून ती रूपं पुन्हा वाजवू लागले आहेत.

ऐकायचं असेल तर उर्लार, म्हणजे संथ मूळ धून, नीट मनात बसवा. पुढची सगळी आवर्तनं तिच्याच मुख्य सुरांवर वाढती नक्षी चढवतात आणि शेवटी वादक पुन्हा उर्लारवर येतो. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. घाई करू नका.

डब्लिनकर

ठेका, पीब्रॉखच्या आधी तुम्ही लिल्टिंग ऐका असं सुचवेन. वाद्य नसेल तेव्हा नुसत्या तोंडाने डिडल-डाय-डम करत जिग नाचवायची रीत. स्कॉटलंडमध्ये तिलाच गेलिक शब्द जोडून 'पुश्त-अ-बेल' म्हणतात. कोल्टस या आयरिश संगीताच्या संस्थेच्या (स्थापना 1951) वार्षिक फ्ला स्पर्धेत लिल्टिंगचा वेगळा विभाग असतो. वजन कुठे पडतं ते त्यात उघडं ऐकू येतं, वाद्यात लपतं.

ठेका

हे फार उपयोगाचं. स्लिप जिगपासून सुरुवात करतो. नऊ मात्रांत जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्यावर सारखाच पडतो की कमी-जास्त, ते मोजून इथेच लिहितो. निळीशाईताई, तुम्ही उत्तर आफ्रिकेतली मोकळ्या तालाची एखादी गायकी सुचवा, ती हीनीच्या गाण्याशेजारी लावून ऐकू.

निळीशाई

मोरोक्को आणि अल्जीरियाच्या अंदालुसी गायकीतले एकट्याने गायलेले मव्वाल ऐका. आधी हीनी, मग मव्वाल, मग पुन्हा हीनी. आणि डब्लिनकर, तुम्हीही ऐका, मग बोलू.